पाखरांची बशी

बाई,

तुमच्या चित्रकलेच्या वर्गात बसलेल्या आम्हा सगळ्या पोरींची आणि तुमची एक तक्रार सारखीच होती, आणि ती अजून मिटलेली नाही. आपल्या हातात एखादी देखणी वस्तू दिसली की या जिल्ह्यातली माणसं त्या वस्तूकडे बघत नाहीत, आपल्याकडे बघतात. ही तुझ्याकडे कशी आली, असं विचारतात. ऊसतोड करणाऱ्यांच्या पोरीकडे शाईचं पेन दिसलं तरी हाच प्रश्न, आणि मिशनच्या बंगल्यात स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या लेकीकडे, म्हणजे तुमच्याकडे, युरोपातली जुनी कपबशी दिसली तरी हाच. या प्रश्नावर मी आयुष्यभर व्यासपीठांवरून बोलत आले, घसा बसेपर्यंत बोलले. एकदाच तो प्रश्न मी स्वतः विचारला, तुम्हाला, आणि तोही माइकवरून. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. पत्ता नाही, तरी लिहिते आहे, कारण गेल्या महिन्यात तुमचं कपाट पुन्हा उघडलं गेलं आणि त्यात माझं एक खोटं नीट जपून ठेवलेलं सापडलं.

ते कपाट आधी तुमच्या घरात होतं. श्रीरामपूरला चर्चच्या मागच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत पलंग, टेबल, भिंतीवर येशूची तसबीर आणि तिच्याखाली काचेच्या दारांचं ते सागवानी कपाट. आत एकेचाळीस नग. कप, बश्या, चोच तुटलेली एक किटली, दोन मोठी ताटं, आणि मीठ ठेवायची एक वाटी, जिला तुम्ही कितीतरी वर्षं दौत समजत होतात. महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळा सुटली की बोर्डिंगमधल्या आम्ही चौघीपाचजणी तुमच्याकडे येऊन ती धुवायचो. घमेल्याच्या तळाशी जुना टॉवेल अंथरायचा, म्हणजे नगाला नग लागला तरी टवका उडत नाही. पाणी कोमट. बांगड्या आधी काढून ठेवायच्या. एक मुलगी बांगड्या काढायला तयार नसायची, तिला तुम्ही नुसतं पुसायला बसवायचात. धुतलेला प्रत्येक नग तुम्ही उलटा करून तळाची निळी खूण पाहायचात, मग कानाजवळ धरून नखाने टिचकी मारायचात, बायका बाजारात माठ घेताना मारतात तशी. अखंड असेल तर तो खणकन बोलायचा आणि तो आवाज खोलीत थोडा वेळ रेंगाळायचा. केसाएवढी चीर असली तरी बद्द. "डोळ्याला चीर दिसत नाही, कानाला दिसते," असं म्हणायचात. शेवटी खिडकीत नेऊन उजेडासमोर धरायचं आणि पलीकडून आपली बोटं दिसतात का ते पाहायचं. दिसली तर ते खरं पोर्सलीन. नाही दिसली तर साधी चिनी माती, ती खालच्या फळीवर. त्या फळीला तुम्ही धर्मशाळा म्हणायचात, पण त्या फळीवरचाही एक नग कधी टाकून दिला नाहीत.

सगळ्या भांड्यांवर चीन होता. पाथर्डीकडून आलेल्या मला चीन म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातला एक पिवळा डाग. इथे तो निळा होता. देवळं, वाकलेली झाडं, पूल, छत्र्या, लांब मिशांची माणसं. मी म्हटलं, चिनी लोकांनी किती छान काढलंय. तुम्ही हसलात. हे चिनी लोकांनी काढलेलंच नाही, तुम्ही सांगितलंत. हे युरोपातल्या कारागिरांनी काढलं, आणि त्यांच्यातल्या एकानेही चीन पाहिला नव्हता. चीनची भांडी जहाजांतून यायची, राजेलोक त्यांच्यापायी वेडे व्हायचे, पण तशी पांढरी माती कशी करायची आणि कशी भाजायची ते तिकडे कुणालाच जमेना. मग एका राजाने, सोनं करून दाखवतो म्हणणाऱ्या एका माणसाला कोंडून ठेवलं. सोनं काही झालं नाही, पण त्या खटाटोपातून ही माती निघाली. आणि तिच्यावर चित्रं काढायची तर गिऱ्हाइकाला चीनचीच हवीत. म्हणून, ज्यांनी कधी आपला गाव सोडला नाही त्या माणसांनी ऐकीव चीन काढला. त्यामुळे पूल नदीच्या मध्यावरच संपतो, चहाचं झाड कोबीसारखं दिसतं, आणि चिनी सरदाराचं नाक थेट जर्मन असतं. या चुका दाखवताना तुमचा चेहरा उजळायचा. मला वाटायचं तुम्ही त्यांची टिंगल करताय.

टिंगल नव्हती, ते वर्गात कळलं. तुम्ही आम्हाला खोडरबर आणू द्यायचा नाहीत. चुकलेली रेघ राहू दे, तिच्याशेजारी बरोबर रेघ मार, दोन्ही दिसू देत, असा तुमचा नियम. एकदा समुद्रकिनारा काढायला दिलात. आमच्यातल्या कुणीही समुद्र पाहिला नव्हता. मी समुद्राला चारी बाजूंनी बांध घातला आणि कोपऱ्यात पाण्याची मोटर बसवली. वर्ग हसला. तुम्ही ते चित्र भिंतीवर लावलंत आणि म्हणालात, "हिच्या गावाला पाणी असं येतं. न पाहिलेली गोष्ट माणूस आपल्या गावावरूनच काढतो." त्या दिवसापासून मी तुमची झाले.

ही भांडी तुम्ही कुठून जमवता ते मला घोडेगावला कळलं. पहिला कप तुमच्या आईला मिळालेला होता; जिच्या हाताखाली तिने वीस वर्षं स्वयंपाक केला ती मडम मायदेशी जाताना देऊन गेली. बाकीचे तुम्ही एकेक करून पगारातून घेतलेत. बाजाराच्या दिवशी अर्धी रजा टाकून मला बरोबर नेलंत. म्हशींच्या रांगा, शेणाचा आणि कडब्याचा वास, जनावरांचे सौदे जुळवणाऱ्या हेड्यांची गर्दी, आणि त्या सगळ्यातून इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत चालणाऱ्या तुम्ही. कडेला एक म्हातारा भंगारवाला बसायचा, पूर्वी तो स्वतः हेडी होता. कुठे नगरच्या कॅम्पातल्या बंगल्याचं सामान निघालं, कुठे जुन्या रेस्ट हाऊसचं, की ते भुश्शात बांधून त्याच्याकडे यायचं. तोंडाने भाव करायची त्याला सवयच नव्हती. जनावराच्या सौद्यात करतात तसं, रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबायची, म्हणजे भोवतीच्यांना आकडा कळत नाही. पहिल्या वेळी बाईमाणसाचा हात कसा धरायचा म्हणून तो अडून बसला होता, हे त्यानेच मला सांगितलं. "मंग मास्तरीनबाईंनीच हातावर पदर टाकला. म्हन्ल्या, म्हशीचा करतोस तसाच कर." त्या दिवशी तुम्ही पदराखाली त्याची बोटं दाबलीत, त्याने मान हलवली, तुम्ही आणखी एक बोट दाबलंत, आणि तो म्हणाला, "चहा घ्या." त्या बाजारात सौदा झाला हे असंच कळतं. चहा पोटात गेला की दोन्ही बाजू बांधल्या गेल्या. मग कुणी मागे फिरत नाही.

भुश्शातून निघाली ती पाखरांची कपबशी. पांढऱ्यावर निळं. कपावर झाडं आणि तळं. बशीच्या मधोमध खडकावर उभा एक बारका माणूस, एक हात वर, तोंड उघडं, आणि समोर तीन पाखरं. परतताना एसटीत तुम्ही ती मांडीवर धरून बसला होतात आणि मला म्हणालात, "बघ, भाषण करतोय. पाखरं ऐकतायत." मी तेव्हा शाळेत वक्तृत्वात पहिली आले होते. त्या बशीला तुम्ही माझी बशी म्हणू लागलात.

आईची आणि तुमची पहिली भेट तुम्ही विसरला नसाल. कारखान्याचं गळीत चालू होतं, आमची टोळी जवळच पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, घालून उतरली होती, आणि आई मला बघायला तुमच्या घरी आली. तुम्ही चहा टाकलात. आई म्हणाली, "आज उपास हाय." चहा उपासाला चालतो हे तुम्हालाही माहीत होतं आणि आईलाही. तुम्ही तिच्या हातात दोन केळी दिलीत. साल असली की विटाळ आत जात नाही, हा हिशेब तुम्हाला लहानपणापासून पाठ असणार. मी बारा वर्षांची होते, मला सगळं कळलं. ख्रिस्ती घरचं पाणी आम्हाला चालत नव्हतं. दुसऱ्याच्या उसात वाकणारी, पाचटाच्या कोपीत झोपणारी आम्ही माणसं, पण आपल्याखाली कुणीतरी आहे एवढी एक श्रीमंती आम्ही जपून ठेवली होती.

पुढच्या वर्षी ती आली ती मला न्यायला. सोयरीक आली होती. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. तेरा वर्षांची पोर लग्न करून दिली की तिच्या नावावर अर्धा कोयता लागतो, मुकादम तेवढे आगाऊ पैसे देतो. मी पत्र्याची पेटी भरून दाराशी बसले होते. तुम्ही भांडला नाहीत, कायदा सांगितला नाहीत. आत गेलात, चहा केलात, आणि पाखरांची कपबशी आईसमोर ठेवलीत.

"तुम्ही माझ्याकडे चहा घेत नाही," तुम्ही म्हणालात. "का ते मला माहीत आहे. पोरगी इथे राहिली तर सुट्टीत बोर्डिंग बंद असतं, तेव्हा ती माझ्या घरात जेवणार. ते चालत नसेल तर आत्ताच घेऊन जा, मी अडवणार नाही. चालत असेल तर चहा घ्या."

आईने दाराकडे पाहिलं. बाहेर तिच्याबरोबर आलेली चुलती उभी होती, तिची सावली उंबऱ्यावर पडली होती. मग आईने कप उचलला, प्यायला नाही, नुसता उचलला, आणि खाली बशीतला माणूस तिला दिसला.

"ह्यो कोन?"

"चिनी आहे. काढलाय मात्र गोऱ्याने."

"पाखरं हाकलतोय?"

"मला वाटतं भाषण करतोय. पाखरं ऐकतायत."

आई हसली. "बाई, तुमी कदी ज्वारीच्या राखनीला माळ्यावर उभ्या ऱ्हायला न्हाईत. भाषनाला पाखरं बसून ऱ्हातेत व्हय? बगा, ते एक उडालंय."

तुम्ही वाकून पाहिलंत. खरंच एकाचे पंख उघडे होते. आईने चहा बशीत ओतला, तो माणूस पाखरांसकट चहात बुडाला, आणि तिने दोन घोटांत बशी रिकामी केली. "साखर लई घालता," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "पेटी आत ठिव." त्यानंतर मी अनेक परिषदा पाहिल्या, ठराव पाहिले, त्यांतले काही मीच लिहिले. माणसाने माणसाशी केलेला इतका मोठा करार मी पुन्हा पाहिला नाही.

आणि तरी मी ते भाषण केलं.

तुम्ही निवृत्त झालात तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि जिल्ह्यात माझं नाव होऊ लागलं होतं. निरोपाच्या समारंभाला मुख्याध्यापकांनी मलाच प्रमुख वक्ता केलं. सुरुवात मी चांगली केली होती. पण भर दुपार, मांडवात उकडत होतं, आधीच्या चार वक्त्यांनी माणसं निजवून ठेवली होती. समोरची एक मान कलली की वक्ता ठरवलेलं सोडून टाळीचं वाक्य शोधू लागतो, बाई. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. आणि मला ते वाक्य सुचलं. मी म्हटलं, आमच्या बाईंनी आयुष्यभर साहेबाची उष्टी ताटं धुऊनपुसून कपाटात ठेवली. ही ताटं यांच्याकडे कशी आली, विचारा. ज्या ताटांत आपल्या आज्यांना कधी कुणी वाढलं नाही, ती आपण काचेआड पूजतो. याला मी गुलामी म्हणते. मांडव खडबडून जागा झाला. टाळ्या थांबेनात. तुम्ही व्यासपीठावर गळ्यात हार घालून बसला होतात, हात मांडीवर, आणि तुम्हीही टाळ्या वाजवल्यात, दोनच, हळू.

मला सगळं ठाऊक होतं. साहेबही कुणाची तरी नक्कलच करत होता, त्याच्या राजांनीही दुसऱ्यांच्या भांड्यांसाठी लाळ गाळली होती, हे तुम्हीच मला घमेल्याशी बसून सांगितलं होतं. मी ते सांगितलं नाही, कारण त्याने वाक्याची धार गेली असती. तुमच्या घरचा चहा ज्या व्यवस्थेने नाकारला तिच्याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. गुलामीवर बोलायला साहेब सोयीचा होता. तो केव्हाच बोटीत बसून गेला होता. आई पहिल्या रांगेत बसली होती.

समारंभ संपल्यावर तुम्ही म्हणालात, "आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. छान." आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली बशी माझ्या हातात दिलीत. "ही तुझी. कप माझ्याकडे राहू दे, म्हणजे तू येत राहशील." एसटी स्टँडवर आईने ती मांडीवर घेऊन उघडली, बोटाने त्या माणसाला हात लावला आणि मला म्हणाली, "मी म्हन्ले हुते ना, पाखरं हाकलतोय." मग ती पुन्हा गुंडाळली आणि घरी पोहोचेपर्यंत माझ्या हातात दिली नाही.

मी येत राहिले नाही. ते वाक्य मात्र सगळीकडे नेलं. नेवाशात, राहुरीत, पाथर्डीत, जिथे मान कललेली दिसेल तिथे उष्टी ताटं काढायची आणि मांडव जागा करायचा. लोक ते वाक्य मला ऐकवून दाखवायचे. तीन वर्षांनी डोळे तपासायला नगरला आलात तेव्हा माझ्या घरी वाट वाकडी करून आलात. खोलीत सात-आठ कार्यकर्ते बसले होते, प्रत्येकाला माझं ते भाषण पाठ. तुम्ही खुर्चीत टेकता टेकता विचारलंत, "पाखरं कशी आहेत?" सगळे माझ्याकडे बघू लागले. कसली पाखरं, एकाने विचारलं. तुम्ही सरळ सांगितलंत, हिच्याकडे माझी एक बशी आहे, जुनी, युरोपातली. खोलीत कुणी तरी हसलं. आणि मी म्हणाले, "फुटली, बाई. घर बदलताना."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. फार वेळ नाही. "असू दे. मातीच होती," म्हणालात. स्टीलच्या ग्लासातला चहा संपवलात, आणि सवयीने रिकामा ग्लास उलटा करून त्याचा तळ पाहिलात. सगळे हसले, तुम्हीही हसलात. मग पिशवी उचलून चारच्या गाडीने गेलात. नंतर आपण पत्रं लिहिली, सणाला भेटलो, पण बशीचं नाव तुम्ही पुन्हा काढलं नाही. तुमच्या दफनाला मला चार शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा मी घसा बसलाय म्हणाले. ते दुसरं खोटं. तुम्ही ते ऐकलं नाही, म्हणून धरत नाही.

कपाट तुम्ही शाळेला ठेवून गेलात. एकोणीस वर्षं ते चित्रकलेच्या खोलीत बंद होतं. गेल्या महिन्यात शाळेच्या क्लार्कचा फोन आला. त्या खोलीत कॉम्प्युटर बसवायचे आहेत, कपाट काढायचं आहे, पुण्याहून जुन्या वस्तूंचा एक व्यापारी येणार आहे, बाईंची भांडी म्हणून तुम्हाला कळवतो. मी गेले. व्यापारी तरुण होता, हुशार होता, पांढरे हातमोजे घालून आला होता. त्याने सहा नग बाजूला काढले आणि बाकीच्यांकडे हात झटकला. ते भंगारात द्या म्हणाला. पाखरांचा कप त्याने बराच वेळ उजेडात धरला. "याची बशी असती तर मी आधी ही जोडी उचलली असती. बशी गेलेला कप म्हणजे अर्धवट वाक्य." त्याला काय माहीत, तो कुणासमोर बोलतोय.

क्लार्कने तळाच्या खणातून तुमची वही काढून दिली. प्रत्येक नगाचं पेन्सिलीने काढलेलं चित्र, कुठून आला ते दोन ओळींत. घोडेगाव, भुसा, म्हाताऱ्याने एक बोट सोडलं, असं सुद्धा. आणि तेविसाव्या पानावर कप, त्याच्याशेजारी बशी, उडणाऱ्या पाखराचे पंख नीट उघडलेले. खाली तुमचं वळणदार अक्षर: "बशी भाषणवालीकडे. फुटली म्हणते."

फुटली, असं नाही. फुटली म्हणते. बाई, मी ती वही मिटली आणि खोलीतल्या बाकावर बसून राहिले. चीर तुम्हाला कानाने दिसायची हे मी विसरले होते.

मग मी अध्यक्षांकडे गेले. आता संस्थेचे अध्यक्ष आहेत ते तुमच्या निरोपाच्या वेळी दहावीत होते. मी म्हटलं, हे विकू नका, संच फोडू नका. ते खरोखर गोंधळले. "ताई, आम्हाला वाटलं तुम्ही खूश व्हाल," ते म्हणाले. "मी मांडवात होतो त्या दिवशी. साहेबाची उष्टी ताटं शाळेत कशाला, हे तर तुमचंच. कमिटीत मी तेच वाक्य बोललो आणि ठराव झाला." वाक्य त्यांनी मला पूर्ण म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला नाही. वक्त्याला याहून मोठं बक्षीस मिळत नाही, आणि याहून मोठी शिक्षाही नाही.

कमिटीची सभा पुढच्या शनिवारी होती. मी नगरला परत आले, पेटी उघडली, आईच्या लुगड्याच्या घड्यांतून बशी काढली आणि शनिवारी श्रीरामपूरला घेऊन गेले. सभेत मी उभी राहून बोलले नाही, बसूनच बोलले. घमेल्यातला टॉवेल सांगितला, राजाने कोंडलेला माणूस सांगितला, बांध घातलेला समुद्र सांगितला. माझ्या आईने कोणत्या घरचा चहा नाकारला होता आणि कोणत्या बशीतून तो घेतला, ते सांगितलं. एका सभासदाने खाली पाहिलं, कारण त्याच्याही घरात ते अजून असणार. ते वाक्य चुकीचं होतं, मी टाळीसाठी बोलले होते, आणि जिच्यावर बोलले ती बाई मला उसातून बाहेर काढणारी होती, हे मी सगळ्यांसमोर म्हटलं. टाळी पडली नाही. बराच वेळ कागद चाळून झाल्यावर ठराव मागे घेतला गेला. कपाट आता जिन्याखाली आहे, तिथे उजेड कमी आहे, पण किल्ली ग्रंथपालबाईंकडे आहे आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी मुलींना भांडी धुवायला द्यायची त्यांनी कबूल केलं आहे. टॉवेल मी दिला. निघताना एक म्हातारे सभासद काठी टेकत माझ्याशेजारी आले आणि म्हणाले, "ताई, पटलं. पन तुमचं पहिलं भाषन जास्त चांगलं हुतं."

तुम्ही हसला असतात. मीही हसले, स्टँडपर्यंत.

आता उरलेलं सांगते, म्हणजे हे पत्र मला कुणालाही दाखवता येणार नाही. सभेत मी बशी टेबलावर ठेवली तेव्हा अध्यक्षांनी विचारलं, वहीत तर फुटली असं आहे. मी एवढं मोठं भाषण सगळ्यांदेखत मागे घेतलं होतं, आणखी एक वाक्य जड नव्हतं. पण मी म्हणाले, "जुन्या सामानात सापडली." ते म्हणाले, बरं झालं. तेविसाव्या पानावर तुमच्या ओळीखाली जागा आहे. चुकलेली रेघ राहू दे, शेजारी बरोबर मार, हे मला माहीत आहे. पेन काढलं, आणि मला तिथे लिहिता आलं नाही. म्हणून इथे लिहिते. ती कधीच फुटली नव्हती, बाई. तुम्ही स्टीलच्या ग्लासातून चहा पीत होतात तेव्हा ती तुमच्या खुर्चीमागच्या पेटीत होती, चार हातांवर, आणि मला ते प्रत्येक घोटाला ठाऊक होतं.

वरून दुसऱ्या फळीवर, डावीकडे, कपाखाली ठेवली आहे. माझ्या शब्दावर जाऊ नका. या, आणि एकदा टिचकी मारून बघा.